प्लास्टिकच्या पिशवीशिवाय बाजारहाट : ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांभळी नाक्याच्या मंडईत, गावदेवी बाजारात, कळव्यात किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या किराणा दुकानात "पिशवी आहे का?" हा प्रश्न आता दोन्ही बाजूंनी विचारला जातो. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराला. बंदी येऊन बरीच वर्षं झाली, तरी संध्याकाळच्या घाईत पातळ पिशवी हातात येतेच. आमच्या सोसायटीत, शेजारीपाजारी आणि भाजीवाल्यांशी बोलताना पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगते. भाजीवाला पिशवी ठेवतो, कारण आपण रिकाम्या हाताने जातो. त्यामुळे खालची बहुतेक उत्तरं गिऱ्हाइकाच्या बाजूची आहेत.

बंदी नेमकी कशावर आहे?

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंविषयीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर, २३ जून २०१८ पासून, दंडाची कारवाई सुरू झाली. हँडल असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्लास्टिक पिशव्या त्यात येतात. बाजारात जिला झबला पिशवी म्हणतात ती तर येतेच, पण कोथिंबिरीची किंवा पाव किलो मिरच्यांची बिनहँडलची पारदर्शक पिशवीही येते. अनेकांना वाटतं की हँडल नसेल तर ती कॅरीबॅग नाही. तसं नाही.

पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आणली. ताटल्या, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, कान साफ करायच्या प्लास्टिकच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ फिल्म हे सगळं त्या यादीत आहे.

दुकानदार म्हणतो, "ही जाड आहे, १२० मायक्रॉनची, चालते." खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. म्हणजे देशपातळीवर १२० मायक्रॉनची पिशवी चालू शकते. पण महाराष्ट्राचा नियम केंद्रापेक्षा कडक आहे. आपल्याकडे प्लास्टिकची कॅरीबॅग कितीही जाड असली तरी बंदच आहे. गुजरातहून किंवा ऑनलाइन मागवलेल्या पिशव्यांवर मायक्रॉनचा आकडा छापलेला असतो, तो दाखवून विक्रेता स्वतःची समजूत घालतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, पण पिशवी घेऊ नये.

दुकानात मिळणारी कापडासारखी पिशवी कापडीच ना?

बहुतेक वेळा नाही. सराफाकडे, कपड्यांच्या दुकानात, दिवाळीच्या भेटवस्तूबरोबर मिळणारी ती हलकी रंगीत पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकचीच. न विणता, तंतू दाबून आणि गरम करून ती बनवतात. ओळखायला सोपं आहे. पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांची नक्षी उमटलेली दिसते आणि कडेचा धागा ओढायला गेलात तर धागा निघत नाही, तुकडा फाटतो. विणलेल्या कापडातून धागा सुटा होतो.

२०१८ मध्ये राज्याने या पिशव्यांवरही बंदी घातली होती. २०२२ च्या अखेरीस नियमांत सूट आली आणि प्रति चौरस मीटर ६० ग्रॅमपेक्षा जाड असलेल्या चालतील असं ठरलं. त्यामुळे जाड पिशवी घरात असेल तर फेकू नका, फाटेपर्यंत वापरा. पण ती उन्हात ठेवू नका. उन्हाने तिचा भुगा व्हायला लागतो आणि तो भुगा गोळा करणं कुणाच्याच हाती राहत नाही. बाल्कनीत वर्षभर लटकवलेली पिशवी हातात घेऊन पाहा, बोटांना पांढरी पूड लागेल.

मग दूध, बिस्किटं, चिप्स यांचं प्लास्टिक कसं चालतं? सगळा भार आमच्याच पिशवीवर का?

हा राग रास्त आहे. कारखान्यात माल भरतानाच होणारं वेष्टन, औषधांचं वेष्टन, दुधाच्या पिशव्या यांना नियमांत सवलत आहे. ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे आणि ती किती पाळली जाते हे रस्त्याच्या कडेला पडलेल्या रंगीत वेष्टनांवरून कळतं. कंपन्यांना आणखी धरायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही पिशवीची गोष्ट वेगळी आहे. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो, कारण ती जाड असते आणि एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते. मिरच्यांची पातळ पिशवी कुणी घेत नाही. ती इतकी हलकी असते की किलोभर व्हायला ढीग लागतो, शिवाय मळलेली असते. वेचणाऱ्या बाईला ती उचलून काहीच मिळत नाही. म्हणून ती जिथे पडते तिथेच राहते, नाहीतर वाऱ्याने नाल्यात जाते.

दंड कुणाला होतो? गिऱ्हाइकाला पकडतात का?

कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि त्यापुढे २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. अधिसूचनेत बनवणं, विकणं, साठवणं, वाहतूक करणं आणि वापरणं हे सगळंच येतं. महापालिकेचं पथक आलं की प्रत्यक्षात सापडतो तो बहुधा दुकानदार किंवा टोपलीवाली. पाच हजार म्हणजे भाजीच्या टोपलीवर बसलेल्या बाईची कित्येक दिवसांची कमाई. आपण "एक पिशवी द्या ना ताई" म्हणतो, तेव्हा तो धोका तिच्या डोक्यावर ठेवून आपण पुढे निघून जातो. ही गोष्ट मला फार लागते.

मी नको म्हटलं तरी पुढचं गिऱ्हाईक मागणारच. मग उपयोग काय?

भाजीवाल्यांना विचारून पाहा. पिशव्यांचा त्यांना खर्च आहे, तो ते आनंदाने करत नाहीत. "पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीवर जातं," हे कारण जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. म्हणजे भीती गिऱ्हाईक जाण्याची आहे. एखाद्या ठिकाणी दहापैकी सात जण पिशवी घेऊन यायला लागले तर ती भीती उरत नाही. एका सोसायटीची माणसं ठरावीक दोन-तीन भाजीवाल्यांकडेच जातात, तिथे हे फार लवकर घडतं. नेहमीच्या भाजीवाल्याला एकदा सांगून ठेवा, "दादा, मी पिशवी आणते, मला विचारूसुद्धा नका." चार वेळा आणलीत की तो स्वतःच तुमची पिशवी पुढे करायला सांगतो.

सकाळी पिशवी न्यायची आठवण राहते, पण भाजी घेतो ऑफिसमधून परतताना. तेव्हा काय करायचं?

ठाण्यात खरी अडचण हीच आहे. बाजार ठरवून होत नाही. लोकलमधून उतरायचं, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून बाहेर पडायचं, समोर मेथीच्या ताज्या जुड्या दिसतात आणि हातात फक्त मोबाइल असतो. आठवण ठेवण्याने हे सुटत नाही. पिशवीची जागा बदलावी लागते.

बहुतेक घरांत पिशव्या स्वयंपाकघरात, सिंकखाली किंवा दारामागे एका मोठ्या पिशवीत कोंबलेल्या असतात. तिथून त्या बाहेर पडतच नाहीत. घरातला प्रत्येक माणूस रोज जी वस्तू घेतल्याशिवाय निघत नाही, तिच्यात पिशवी गेली पाहिजे. ऑफिसच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात घडीची नायलॉनची पिशवी ठेवा. मुठीएवढी होते आणि पाच किलो सहज पेलते. स्कूटरच्या डिकीत दोन पिशव्या असू द्या, कारच्या सीटमागच्या खिशात दोन. कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत एक.

पण अवघड भाग पुढे आहे. भाजी घरी आली की पिशवी रिकामी होते आणि ओट्यावर पडून राहते, दुसऱ्या दिवशी सॅक तिच्याविना निघते. सवय मोडते ती इथेच. आमच्याकडे भाजी काढली की पिशवी झटकून, घडी करून थेट चपलांच्या कपाटावर ठेवायची असा नियम आहे. स्वयंपाकघरात परत न्यायचीच नाही. सकाळी चप्पल घालताना ती समोर दिसते. घरातल्या पुरुषांनाही हा नियम लागू असला पाहिजे. पिशवी सांभाळणं हे बायकांचंच काम आहे असं धरलं तर निम्मं घर पातळ पिशव्या आणतच राहतं.

आणि एखाद्या दिवशी विसरलीच तर? सॅकमधला रिकामा डबा चालतो. वांगी, बटाटे, कांदे, केळी थेट सॅकमध्ये टाकता येतात. ओढणीत, मोठ्या रुमालात बांधूनही नेता येतं. काहीच नसेल तर त्या दिवशी मेथी घेऊ नका, दुसऱ्या दिवशीही मिळते.

प्रत्येक भाजी वेगळी कशी ठेवायची? सगळी एकत्र झाली की निवडताना वेळ जातो.

पातळ पिशवीची खरी सोय ही होती, मान्य आहे. यावर चांगला उपाय म्हणजे छोट्या जाळीच्या किंवा पातळ सुती कापडाच्या नाडीवाल्या पिशव्या. जुन्या धोतराच्या, ओढणीच्या, दुपट्ट्याच्या घरी होतात. मिरची, आलं-लसूण, कोथिंबीर, भेंडी अशांसाठी पाच-सहा पुरतात. कांदे-बटाटे, दुधी, कोबी, फ्लॉवर मोठ्या पिशवीत तळाशी सुटेच टाकायचे, टोमॅटो शेवटी वर.

फ्रिजमध्येही प्लास्टिकची गरज पडत नाही. कोथिंबीर आणि पालेभाजी निवडून, कोरडी करून कापडात गुंडाळून डब्यात ठेवली की पिशवीतल्यापेक्षा जास्त टिकते. बंद पिशवीत आतल्या आत पाणी सुटतं आणि पानं चिकट होतात.

मासे आणि चिकन डब्यात कसं घ्यायचं? वास येतो, पाणी गळतं.

कडीचा किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्याला पर्याय नाही. मच्छीसाठी एक आणि चिकन-मटणासाठी एक, असे दोन डबे वेगळे काढून ठेवा आणि दुसऱ्या कशाला वापरू नका. डबा घेऊन गेलं की लोक बघतात, संकोच वाटतो, हेही खरं. पण आपल्या आज्या डबा किंवा ताट घेऊनच मासे आणायला जायच्या आणि कोळणींना त्यात नवल वाटत नाही. वाट्यावर घेतलेली कोलंबी, नगावर घेतलेले बांगडे थेट डब्यात पडतात, वजनाचा प्रश्नच येत नाही. बोंबलांना पाणी सुटतं, म्हणून त्यांच्यासाठी डबा जरा खोल घ्या. लांबून येणार असाल तर कोळणीकडूनच बर्फाचे दोन तुकडे वर टाकून घ्या.

चिकनच्या दुकानात काळी पिशवी न विचारता दिली जाते, म्हणून कापायला सांगतानाच डबा काउंटरवर ठेवा. नंतर सांगितलं तर पिशवी आधीच भरलेली असते. घरी आल्यावर डबा आधी थंड पाण्याने धुवा, मग साबण आणि गरम पाण्याने. थेट गरम पाणी घातलं तर रक्त चिकटून बसतं आणि वास जात नाही. शेवटी लिंबाची साल फिरवली की दुर्गंध उरत नाही. काळ्या पिशवीत आणलेलं मांस त्याच पिशवीत फ्रिजमध्ये जातं आणि पाणी खालच्या कप्प्यात गळतं. डब्यात हा त्रास नाही, स्वयंपाकघर स्वच्छ राहतं.

डबा घेऊन गेलो तर डब्याचं वजन आमच्या माथी बसणार नाही का?

इलेक्ट्रॉनिक काट्यावर टेअरचं बटण असतं. रिकामा डबा ठेवून "शून्य करा" म्हणायचं, आकडा शून्यावर आला की मग माल घालायचा. साधा तराजू असेल तर माल आधी पारड्यात तोलून मग डब्यात ओतून घ्यायचा. वजन निव्वळ मालाचंच धरलं पाहिजे हा नियम आहे, मग वेष्टन तुमचं असो की दुकानदाराचं. मिठाईच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यासकट वजन करण्याची पद्धत अजून दिसते. तिथे स्वतःचा डबा नेणारं गिऱ्हाईक उलट फायद्यात राहतं.

डाळ-तांदूळ सुटे घ्यायचे तर?

नौपाड्यातल्या आणि कोपरीतल्या जुन्या किराणा दुकानांत अजून पोती आणि डबे असतात, सुटा माल मिळतो. कापडी पिशव्यांना रंगीत धाग्याने खूण करा, पिवळी डाळीची, पांढरी तांदळाची. तेलासाठी बरणी नेण्याचा आग्रह मात्र मी धरणार नाही. सुट्या तेलात भेसळीचा धोका असतो, सीलबंद घेतलेलं बरं.

पावसाळ्यात हे सगळं कसं जमणार?

जून ते सप्टेंबर कापडी पिशवी जड होते आणि वाळत नाही. या दिवसांत घडीची नायलॉनची पिशवी बरी, झटकली की कोरडी होते. कापडीच वापरायची असेल तर तागाची नको, तिला कुबट वास येतो. पातळ सुती घ्या आणि रात्री पंख्याखाली टाका. कागदी पिशवीचा पावसात भरवसा नाही, तळ फाटून कांदे रस्त्यावर घरंगळतात.

कागदी पिशवी तर पर्यावरणाला चांगली ना? आणि कापडी पिशव्या कितीही घेतल्या तरी चालेल ना?

दोन्हींचं उत्तर "थांबा" असं आहे. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते, कापड विणायला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात हवामानावरच्या परिणामाचा हिशेब मांडला होता. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली असं धरलं, तर तिच्याशी बरोबरी साधायला नवी सुती पिशवी १३१ वेळा आणि कागदी पिशवी तीन वेळा वापरावी लागते. तो हिशेब हवामानापुरता आहे. नाल्यात, खाडीत, गाईच्या पोटात काय जातं हे त्यात मोजलेलं नाही, त्यामुळे बंदी चुकली असा अर्थ त्यातून निघत नाही. पण प्रत्येक कार्यक्रमात फुकट वाटलेल्या सुती पिशव्यांचा कपाटात ढीग साचवणं हेही बरोबर नाही, हे त्यातून कळतं. आहे ती पिशवी वर्षानुवर्षं वापरा. नवी हवीच असेल तर घरातल्या जुन्या कापडाची शिवा, त्यासाठी नवा कापूस लागत नाही.

"कम्पोस्टेबल" लिहिलेली पिशवी चालते का?

नियमांनुसार तिच्यावर आयएस १७०८८ या मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. नुसती हिरवी पानं छापलेली, "इको" किंवा "बायो" लिहिलेली पिशवी म्हणजे कम्पोस्टेबल नव्हे. खरी असली तरी ती सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान टिकवणाऱ्या मोठ्या खत प्रकल्पात नीट कुजते. कुंडीत, तलावात किंवा खाडीत ती महिनोन्महिने तशीच राहू शकते. भाजीसाठी तिची गरज नाही.

वडापाव आता वर्तमानपत्रात देतात. ते बरं आहे का?

नाही. छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट, गरम पदार्थात उतरतात आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ पासून याविषयी वारंवार इशारे दिले आहेत. प्लास्टिक गेलं म्हणून जुना पेपर आला, हा बदल नको होता. कोरा कागद, केळीचं पान, पळसाचा द्रोण हे योग्य. घरी नेणार असाल तर डबा द्या. चटणीसाठी छोटी डबी नेली तर ती चटणीची चिमुकली गाठ मारलेली पिशवीही वाचते. ती एवढीशी असते की कचऱ्यातून वेगळी काढणं जवळपास अशक्य होतं.

मोठ्या दुकानात कॅरीबॅगचे पैसे लावतात. द्यावे लागतात का?

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका प्रकरणात सांगितलं की आधी ठळक सूचना न देता, बिल करायच्या वेळी पिशवीचे पैसे आकारणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे दारातच फलक, किंमत आणि पिशवीचा तपशील दिसायला हवा. काही ठिकाणी बाहेरून आणलेली पिशवी आत नेऊ देत नाहीत. तेव्हा दारावरच्या सुरक्षारक्षकाला ती रिकामी दाखवा किंवा काउंटरवर ठेवून बिलानंतर घ्या. सगळं सामान ट्रॉलीतून गाडीपर्यंत नेऊन डिकीतल्या पिशवीत भरलं तरी काम होतं.

पिशव्या बंद झाल्या, आता कचऱ्याच्या डब्यात काय घालायचं?

घराघरांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, कारण झबला पिशवीचं दुसरं आयुष्य कचऱ्याच्या डब्यातच जायचं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात कुठलीच पिशवी घालू नका. तळाला जुन्या वर्तमानपत्राची घडी पसरा, वर भाज्यांची देठं, सालं टाका. चहाचा चोथा आणि भाताचं पाणी आधी गाळणीत निथळून घ्या. डबा ओला होतो तो या दोन गोष्टींमुळे. रोज रिकामा करून विसळला की वास येत नाही. सोसायटीच्या मोठ्या ड्रममध्ये कचरा ओतायचा आणि पेपरही त्यातच जाऊ द्यायचा, तो कुजतो.

ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला तर खत करणाऱ्या माणसाला ती पिशवी हाताने फाडावी लागते. आत सॅनिटरी पॅड आहे, फुटलेली काच आहे की बाटलीचं झाकण आहे हे त्याला माहीत नसतं. हे काम आपल्यासाठी दुसरं कुणीतरी करतं, याची जाणीव ठेवून डबा उघडा द्या. राज्याच्या नियमात कचरा हाताळण्यासाठी कम्पोस्टेबल पिशवीला सवलत आहे, पण रोजच्या ओल्या कचऱ्याला तीही लागत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या.

घरात साठलेल्या जुन्या पिशव्यांचं काय करायचं?

स्वच्छ आणि कोरड्या असतील तर सुक्या कचऱ्यात एकत्र द्या, एका पिशवीत बाकीच्या कोंबून, म्हणजे उडणार नाहीत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट कापून लटकता ठेवा. तो सुटा तिकोनी तुकडा गोळा होत नाही, थेट गटारात जातो. जाळून टाकणं मात्र पूर्ण बंद. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि उघड्यावर जाळणं गुन्हाही आहे.

देवाची फुलं, गजरे, निर्माल्य?

फुलवालीला पानात बांधून द्यायला सांगा, तिच्याकडे पान असतंच. नसेल तर परडी किंवा डबा न्या. निर्माल्य मासुंदा तलावात किंवा खाडीत टाकू नका आणि निर्माल्य कलशात टाकताना पिशवी रिकामी करून परत घ्या. भक्तीने वाहिलेली फुलं प्लास्टिकच्या गाठीत कुजताना पाहवत नाही. हार ओवलेला दोरा आणि जरीच्या पट्ट्याही काढून ठेवा.

एवढं करून खरंच फरक पडतो का?

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अडलेल्या नाल्यांत प्लास्टिकच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात सापडल्या. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. बांगलादेशने तर असंच पूर आणि तुंबलेली गटारं पाहून २००२ मध्येच पातळ पिशव्या बंद केल्या होत्या. एवढा पाऊस पिशव्यांमुळे पडला नाही आणि पिशव्या नसत्या तर पूर आलाच नसता असंही नाही. पण पाणी ओसरायला जो वेळ लागतो, तो गटाराच्या तोंडाशी काय अडकलंय यावर ठरतो.

आपल्याकडे नाल्यातलं सगळं शेवटी खाडीत जातं. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिथल्या खारफुटीची मुळं श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात, त्यांवर पिशव्या गुंडाळून बसल्या की झाड गुदमरतं. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किंवा कोपरीच्या बाजूने खाडीकाठी जाऊन बघा, भरतीच्या रेषेवर काय अडकलंय ते. चेंदणी कोळीवाड्यासारख्या ठिकाणच्या कोळ्यांच्या पिढ्या या खाडीवर जगल्या. आपण टाकलेली पिशवी त्यांच्या जाळ्यात येते.

वयस्कर माणसांना एक मोठी कापडी पिशवी उचलत नाही.

दोन छोट्या पिशव्या घ्या, दोन्ही हातांत वजन सारखं ठेवा. पिशवीचे बंद रुंद आणि दुहेरी असावेत, बारीक बंद बोटांत रुततात. चाकांची पिशवीही मिळते, पण आपल्या फुटपाथवर ती सतत उचलावी लागते. आठवड्याचा बाजार एकदम न करता दोन-तीन वेळा थोडं थोडं आणलेलं सोपं. आणि शेजारच्या आजींना "आजी, मी बाजारात चाललेय, तुमची पिशवी द्या" असं विचारायला काहीच लागत नाही.

एखादा दुकानदार सर्रास पिशव्या देत असेल तर तक्रार कुठे करायची?

महापालिकेच्या तुमच्या प्रभाग समिती कार्यालयात, घनकचरा विभागाकडे. पिशव्यांचा साठा करणारा किंवा बनवणारा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही जाता येतं. माझा आग्रह असा की टोपलीवालीची तक्रार करण्याआधी तिच्याशी बोला, आणि तक्रारीची ताकद घाऊक विक्रेत्यासाठी राखून ठेवा. पिशवी बाजारात येते ती त्याच्याकडून.

जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी शिवायची तर माप काय घ्यायचं?

साडी सुतीच घ्या. सिंथेटिक साडी निसरडी असते, शिवण उसवते. सुती साडी नुसती पातळ पडते, म्हणून कापड दुहेरी घ्या. चादर किंवा जुनी जीन्स असेल तर एकेरी पुरते. तयार पिशवी साधारण १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच ठेवा. यापेक्षा मोठी केली की भरली जाते आणि मग उचलत नाही. तळाची शिवण दोनदा मारा आणि खालचे दोन्ही कोपरे दोन-दोन इंच आडवे शिवून घ्या, म्हणजे तळ चौकोनी होतो आणि टोमॅटो चेपत नाहीत. बंद २४ इंच लांब आणि दीड इंच रुंद, चौपदरी घडीचे. ते काठाला नुसते न जोडता तीन इंच आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारा. पिशवी फाटते ती कायम बंदाच्या मुळाशी. टेलरकडे देणार असाल तर एका चादरीच्या सगळ्या पिशव्या एकदम कापून द्या, एकेक दिली तर शिलाई महाग पडते.